मेमसाहेबांची ओटी
कोऱ्या खणाचा वास आला की मला झाशीचा फलाट आठवतो. शेजारचं म्हातारं मिशनरी जोडपं कायमचं विलायतेला निघालं होतं आणि त्यांच्या जागी आलेलं तरुण जोडपं नुकतंच समोरच्या गाडीतून उतरलं होतं. आईने तिथेच मेमसाहेबांची खण-नारळाने ओटी भरली. त्यांनी झग्याचा घेर पसरून ती घेतली आणि तशाच वळून नव्या मेमच्या झग्यात ओतली. आई हबकलीच, हिंदी विसरून म्हणाली, "अहो, सौभाग्याची ओटी अशी देऊन टाकतात का!" मेमसाहेब म्हणाल्या, "मैं तो जा रही हूँ, बहनजी. इसका यहाँ कौन है?" परवा मीही झाशी सोडली. भावजय फलाटावर माझी ओटी भरत होती, आणि माझी नजर उतरणाऱ्या बायकांत कुणी नवखी दिसते का, ते शोधत होती.