आधी हसा, मग सुया

बारा वर्षं एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. गावाकडे मला डॉक्टर म्हणतात आणि मी डॉक्टर नाही, ही त्यातली लहान गोष्ट, ती बायकोला ठाऊक आहे. मोठी गोष्ट अशी, की धाकट्या भावाने एका सकाळी फोनवर जे सांगितलं ते मी नीट ऐकलं होतं. 'त्याने सांगितलंच नाही' असं पुढे सगळ्या घराने धरलं, तेव्हा मी गप्प बसलो. गेल्या चैत्रात पहिल्यांदा तोंड उघडलं. आता लिहूनही ठेवतो. घरी राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे घर सोडून आलेले, फोनवरून घरच्यांना बरंच काहीबाही सांगणारे जे आहेत त्यांच्यासाठी.

घर सोडलं ते द्राक्षाच्या टेम्पोतून. आमच्या तासगाव भागातून हंगामात रोज संध्याकाळी असे टेम्पो वाशीच्या मार्केटला निघतात. आमचे वडील, नाना, पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, टेम्पोच्या कपाळावरची नावं. ज्या टेम्पोत मी बसलो त्याच्या मागच्या फळीवरची अक्षरंही त्यांचीच होती, म्हणून ड्रायव्हरने मला भाडं न घेता नेलं. फ्लेक्स आले होते. बाप आणि दोन पोरं, तिघांचं काम एकालाही पुरेना. बाळू, माझा भाऊ, तेव्हा दहावीला होता. ब्रश त्याच्या हातात माझ्यापेक्षा चांगला बसायचा, म्हणून जायचं माझं ठरलं. आई दारातच थांबली. नानांनी टर्पेंटाइनचा वास येणारा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "पोचलास की फोन कर. आनि जे येत न्हाई ते येतं म्हनू नगंस. तिकडं लोक लगीच वळखत्यात."

लोकांनी ओळखलं नाही. तिकडच्यांनीही नाही आणि घरच्यांनीही नाही.

पहिली पाच वर्षं तुर्भ्याच्या एका गोदामात खोकी उचलली. मग कंबरेने दगा दिला. बरोबरचा एक लोडर म्हणाला, "सारसोळ्यात सुया टोचतात. जा. डब्यात जमेल ते टाकायचं, कोणी विचारत नाय." नेरूळच्या टॉवरांच्या मागे ते जुनं कोळ्यांचं गाव. एका घराच्या वरच्या मजल्यावर लांबलचक हॉल, भिंतीला लावून आठ आरामखुर्च्या. मध्ये पडदे नाहीत. कपडे काढायचे नाहीत, बाह्या आणि पँट तेवढी वर सरकवायची. हाताला, पायाला, कानाला, डोक्याला केसासारख्या बारीक सुया लावून पाऊण तास पडून राहायचं, आणि बोलायचं झालं तर हळू. माझ्या एका बाजूला रिक्षावाला, दुसऱ्या बाजूला बँकेतून रिटायर झालेल्या बाई. दोघं घोरत होती. या शहरात आल्यापासून चार परक्या माणसांत, पिशवी पायाला न बांधता, मी पहिल्यांदा झोपलो.

दवाखाना चालवणाऱ्या मीनाताई तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, "काय रे, कंबरेसाठी येतोस की झोपायला?"

"दोन्हीसाठी."

"मग रविवारी ये. खुर्च्या पुसायला माणूस हवाय. झोप फ्री."

खुर्च्या पुसता पुसता बघत गेलो. ताई सुई लावताना तोंडाने आकडा म्हणायच्या, काढतानाही म्हणायच्या. दोन्ही आकडे जुळले तरच माणसाने खुर्चीतून उठायचं. पुढे मी अॅक्युपंक्चरचा रीतसर कोर्स केला, परीक्षा दिली, सर्टिफिकेट मिळवलं, गोदाम सोडलं. सुया सगळं बरं करतात असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. गुडघे, कंबर, झोप, डोकेदुखी, अशा दुखण्यांचे लोक येतात, हलके होऊन जातात. ज्यांना परवडत नाही त्यांनाही कुणीतरी पाऊण तास हात लावतं, हे मला पुष्कळ वाटतं.

घरी मात्र मी एवढंच सांगितलं, "दवाखान्यात आहे." आईने गल्लीत सांगितलं, पोरगा डॉक्टर झाला. सुट्टीला गेलो तेव्हा लोक दंडावरची गाठ दाखवायला आले. आधी हसून टाळलं, मग टाळायचंही सोडलं. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. माझं लग्नही त्याच नावावर जमलं. सुनीताला आठवड्यात सगळं कळलं, ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "तिकडचं तिकडं राहू दे." एका दिवाळीला बाळू पत्र्याची पाटी घेऊन आला. नानांनी रंगवलेली, सावली दिलेली अक्षरं, त्यात 'डॉ.' सगळ्यात मोठं. आम्ही तेव्हा खांदेश्वरला नुकतेच भाड्याने राहायला आलो होतो. मालक पाटी लावू देत नाही असं सांगून मी ती कपाटामागे सरकवली.

त्यानंतरच्या वर्षी ती सकाळ आली. हॉल भरलेला होता. चार जण माझ्या सुयांवर होते, फोन कान आणि खांद्यात धरलेला. बाळू म्हणाला, "दादा, नानांच्या उजव्या हाताला सकाळधरनं मुंग्या आल्यात. आनि चहा दिला तर एका बाजूनं ओठातनं गळतोय. काय करू?"

मला कळलं का तेव्हा? अर्धं कळलं होतं. मीनाताई चार पावलांवर होत्या. त्या आधी मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या, त्यांना एका वाक्यात कळलं असतं. पण फोनच्या त्या टोकाला मी डॉक्टर होतो. 'थांब, कुणाला तरी विचारतो' असं डॉक्टर कसा म्हणणार? मी म्हणालो, "नस दबली असेल. हात शेकवा, झोपू दे त्यांना. संध्याकाळी कळव."

संध्याकाळी बाळूने कळवलं तेव्हा नाना सांगलीला हॉस्पिटलात होते. उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं. मी दुसऱ्या दिवशी पोचलो. सगळे बाहेरच्या बाकांवर होते. सकाळीच आणायला हवं होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं. आत्या, म्हणजे नानांची थोरली बहीण, बाळूला धारेवर धरून बसली होती. "डॉक्टर भाव फोनवर हाय आनि तू अर्धंच बोलतुयास व्हय रं? तोंड वाकडं झालंय त्ये दिसलं न्हाई तुला?"

बाळू खाली बघत म्हणाला, "हाताचं तेवढं बोललो. तोंडाचं सांगायचं ध्यानात आलं नसंल."

दिवसभर सगळ्यांनी मिळून त्याला तसं सांगितलं होतं. तोंडाचं दादाला कळलं असतं तर दादाने नुसतं शेकवायला सांगितलंच नसतं, हा त्यांचा हिशोब. मी खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती. तेव्हाच म्हणायला हवं होतं, 'नाही आत्या, त्याने सांगितलं होतं.' मी म्हणालो, "पाणी घेऊन येतो."

नाना वाचले. हळूहळू बोलू लागले, काठी घेऊन चालू लागले, पण उजव्या हाताने परत ब्रश धरला नाही. बाळूने त्यांचं सगळं अंगावर घेतलं. अंघोळ, भाकरी कुस्करून देणं, दाढी. मी म्हणायचो, थोडे दिवस इकडे पाठव. तो म्हणायचा, "चूक माझी हाय दादा, मीच निस्तरतो." मी मिक्सर पाठवला, गादी पाठवली, औषधं पाठवली. बारा वर्षांत गावच्या प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी तो विषय काढला, आणि प्रत्येक वेळी बाळू पंगतीतून उठून वाढायला गेला.

इकडे मी एकच केलं. त्या वर्षापासून दवाखान्याच्या दारात एक रीत घातली. नवा असो, रोजचा असो, खुर्चीत बसण्याआधी त्याने हसून दाखवायचं, दोन्ही हात वर करायचे आणि आपलं नाव-गाव सांगायचं. मीनाताईंनी पहिल्याच दिवशी मान डोलवली. हसू एकाच बाजूला आलं की त्याचा अर्थ काय, हे त्यांना सांगावं लागलं नाही. बाकीच्यांना वाटायचं, हा माझा विनोदी स्वभाव. रिक्षावाले दारातूनच बत्तिशी दाखवत यायचे. "घ्या साहेब, हसलो. आता टोचा." एक वॉचमनकाका कवळी काढून हसले आणि विचारलं, "चालेल ना?" सगळा हॉल, कुजबुजत का होईना, हसला. मी पण हसलो. ही रीत कुठून आली ते कुणी विचारलं नाही.

गेल्या फाल्गुनात हिराबाई आल्या. सारसोळ्याच्याच, मासळी विकणाऱ्या, मनगटासाठी वर्षभर येणाऱ्या. मासळीची पाटी खाली जिन्यापाशी ठेवून घाईने वर आल्या.

"हात जड झालाय रं. लवकर लाव सुया, माजा मावरा उन्हात हाय."

"आधी हसा, हिराबाई."

"मना काय हसवतंस? हात बघ ना."

"हसा तर."

त्या हसल्या. डावा गाल वर गेला, उजवा जागेवर राहिला. हात वर केले, उजवा अर्ध्यातूनच खाली आला.

"सुया नाही लावणार. हॉस्पिटलात जायचं, आत्ता."

"दोन सुया लाव नी सोड मना. तू डाक्टर हाय ना?"

"नाही," मी म्हणालो. "मी डॉक्टर नाही. मला यातलं कळत नाही. ज्यांना कळतं त्यांच्याकडे नेतो."

किती सोपं होतं ते वाक्य. मीनाताई मागून म्हणाल्या, "तू जा बरोबर. तुझे दोघं मी बघते. किती?"

"खिडकीपाशी अकरा, कोपऱ्यात नऊ."

जिन्यावरून त्यांना जवळजवळ उचलूनच रिक्षात घातलं. मावरा शेजारणीने विकला, आणि कमी भावात विकला म्हणून शुद्धीवर असलेल्या हिराबाई हॉस्पिटलातून तिला शिव्या देत होत्या. वेळेत पोचलो होतो.

महिन्याने त्या आपल्या पायांनी जिना चढून आल्या, बोलण्यात थोडा जडपणा घेऊन. त्याच आठवड्यात नाना आणि बाळू माझ्याकडे खांदेश्वरला आलेले. नाना घरी सुनीताजवळ होते, बाळू दवाखाना बघायला म्हणून आला आणि दारातल्या स्टुलावर बसला. आता हिराबाईंच्या डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं होतं, म्हणून मी त्यांच्या पायाला सुया लावत होतो.

"तू याचा भाव काय रं?" त्यांनी बाळूला विचारलं. "तुजे भावानं मना वाचवली. नुसतं हसायला सांगितलं, बाकी काय नाय."

बाळू माझ्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "दादा, मी तवा नानांच्या तोंडाकडं नीट बघितलं असतं, तुला सांगितलं असतं…"

माझ्या हातात सातवी सुई होती. ती मी परत ताटलीत ठेवली.

"बाळू, तू सांगितलं होतंस."

"काय?"

"चहा ओठातनं गळतोय म्हणालास. मी ऐकलं होतं. तरी म्हणालो, शेकवा."

हॉलच्या रिवाजाने हे सगळं कुजबुजत चाललं होतं. पण आठ खुर्च्यांतलं घोरणं थांबलं होतं.

"मग मला का आठवत न्हाई?" बाळूने विचारलं.

"सगळे म्हणाले तू सांगितलं नाहीस, म्हणून तुला तसंच आठवायला लागलं. आणि मी ते होऊ दिलं. बारा वर्षं."

तो उठला. स्टूल नीट भिंतीला लावून ठेवलं, त्याच्या सवयीने, आणि जिना उतरून गेला. हिराबाई खुर्चीतून म्हणाल्या, "माजे पायातल्या काढ आदी, नी जा त्याचे मागं." मीनाताई म्हणाल्या, "मी काढते. सहा ना? जा."

तो जेट्टीवर होड्यांकडे बघत बसला होता. मी बाजूला बसलो. तो म्हणाला, "आत्याची माफी मागितली हुती मी. पाया पडून." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नानांना घेऊन गेला. मला निघतो म्हणाला नाही. सुनीताला म्हणाला.

त्या रविवारी मी सुनीताला सगळं सांगितलं. या वेळी ती हसली नाही. म्हणाली, "मला तर सांगायचंस." दोन दिवस बोलणं तुटक होतं, मग तिनेच विचारायला सुरुवात केली, बाळूचा फोन आला का, बाळूचा फोन आला का.

फोन सतरा दिवसांनी आला. "शाळेच्या भिंतीचं काम मिळालंय," बाळू म्हणाला. "पेंटनंच पायजे म्हनत्यात, फ्लेक्स नगं. नाना खुर्ची टाकून बसनार हाईत, डाव्या हातानं खडूनं आखून देत्यात. वाकडं येतंय, पर म्या म्हनलं आखा. शिडी धरायला मानूस न्हाई. येतुयास का?"

"येतो," मी म्हणालो.

"आनि आत्याला म्या काय बोललो न्हाई. नानांना बी न्हाई. त्ये तुझं काम हाय."

आधी मला वाटायचं, घर म्हणजे जिथे आपल्याला मोठं समजतात ती जागा, आणि तिथलं मोठेपण टिकवायला दूरच राहिलेलं बरं. सणाला जायचं, चौथ्या दिवशी परत. आता गावाकडून कुणी फोनवर दुखणं सांगितलं की मी म्हणतो, 'मला कळत नाही, दाखवून घ्या.' एकदोघांनी फोन करणं सोडलं. बाकीचे करतात, आणि हल्ली दुखण्याशिवायही बोलतात. पिकाचं, पोरांचं, कुणाचं कुणाशी जमलं त्याचं. मीही मीनाताईंचे किस्से सांगतो, हिराबाईंच्या शिव्या सांगतो. बाळू न बोलता गेला त्या सतरा दिवसांत मला कळलं, की मला घराची आठवण यायची ती त्याच्या 'दादा, काय करू?' या विचारण्याची. तो अजून विचारतो. परवा शिडी किती फुटी घ्यावी ते विचारत होता. मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं.

शनिवारची एसटी धरली आहे. नाना खुर्चीत असतील, आत्या रोज दुपारी तिथे येते, गल्लीतले चार जण भिंत बघायला उभे असतात. बाळूने सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, आणि मी चुकीचं सांगितलं. हे बाळूच्या देखत, त्या सगळ्यांसमोर, आवाज न उतरवता बोलायचं मी देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.