शोभाच्या दारात

बोर धरणाच्या रस्त्यावर कुसुमाच्या झाडांना चैत्रात लाल पालवी फुटली की मला शोभाच्या घराचं दार आठवतं.

शोभा माझी शाळेपासूनची मैत्रीण, लग्न होऊन वर्ध्याला गेलेली. जपानमध्ये पानगळीआधी डोंगरच्या डोंगर लाल होतात, ते मोबाईलवर पाहून आम्ही दोघींनी तिथं जायचं ठरवलं होतं. पासपोर्टही सोबतच काढले. मग एक दिवस तिचा फोन आला, "माहा गुडघा लय दुखून राह्यला वं. पुढच्या वर्षी जाऊ." तिच्याशिवाय कसलं जपान, म्हणून मीही जाणं रद्द केलं.

दिवाळीनंतर डिंकाचे लाडू घेऊन मी हिंगणीहून बसने तिला बघायला गेले. डबा अजून कोमट होता, हातांना तुपाचा वास येत होता. दार सुनेनं उघडलं.

"आई तं जपानले गेल्या ना, मावशी! भिशीच्या बायकांसंगं. तुमाले सांगतलं नाई?"

माझे कान गरम झाले. तरी मी हसले. "सांगतलं होतं वं, मीच विसरली." डबा तिच्या हातात दिला आणि पाणीही न पिता निघाले.

परत आल्यावर शोभा फोनवर म्हणाली, "त्या बायकाइत तुले अवघडल्यासारखं झालं असतं, म्हणून नाई सांगतलं."

तेव्हा वाटायचं, तिनं माझं जपान हिरावलं. आता त्याचं काही वाटत नाही. सलतं ते एवढंच, की त्या दारात मी तिची लाज राखली, आणि माझी राखावी असं तिला वाटलंच नाही.