समुद्रसिंहाचे कान

"याचे कान कुठे आहेत?" विज्ञान केंद्राच्या मॅडमनी विचारलं. दुपारचे तीन वाजले होते. सहाला ट्रक येणार, सकाळी उद्घाटन. हे मॉडेल नापास झालं की पुढची तीन दुसरीकडे जाणार.

चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, आमचं मूर्तीचं काम. सीझन नसताना फायबरचे प्राणी करतो. हा स्टेलर समुद्रसिंह, समुद्रसिंहांतली सगळ्यात मोठी जात. दहा फुटी नर. मॅडम म्हणाल्या, सीलला बाहेर कान नसतात, याला बोटाएवढी पाळी असते. म्हणजे आम्ही चक्क सील करून ठेवला होता. चूक माझीच. नेटवरचे फोटो मीच काढून दिले होते.

पाळ्या करणं सोपं. रेझिनमध्ये हार्डनर टाकला की मे महिन्यात तासाभरात दगड होतो. पण त्या बसवायला डोक्याला ड्रिल मारावं लागणार, आणि वासुदेवकाकांनी सकाळीच डोळे रंगवले होते. काका वडिलांच्या वेळचे कारागीर. डोळे सगळ्यात शेवटी, एकदा उघडले की हत्यार लावायचं नाही, ही त्यांची रीत.

"काका, ही काय देवाची मूर्ती आहे का?"

"डोळे त मीच उघडले ना गा. आता भोक नाही मारत मी."

मग मीच ड्रिल मशीन उचललं. काका बघत होते. मी ते तसंच खाली ठेवलं. साडेतीन झाले.

मॅडम काकांजवळ स्टूल ओढून बसल्या. सांगू लागल्या, हा जपानच्या उत्तरेपासून रशिया, अलास्का करत खाली कॅलिफोर्नियापर्यंत राहतो. पूर्वेकडचे, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बाजूचे, बरेच सावरले, पश्चिमेकडचे फार घटले. जागतिक यादीत धोक्यातल्या प्राण्यांत अजून धरत नाहीत, पण आहे उंबरठ्यावरच.

"म्हणजे जिता आहे अजून," काका म्हणाले.

"आहे ना."

"मंग त्याले बिनकानाचा काहून पाठवाचा?"

त्यांनी ब्रश प्रायमरमध्ये बुडवला आणि दोन्ही डोळे पांढरे करून टाकले. "निजला तो. मार आता."

पाळ्या पाचला बसल्या. काकांनी डोळे पुन्हा उघडले तेव्हा ट्रक दारात हॉर्न देत होता. रंग ओलाच होता. रस्ताभर माझा जीव टांगणीला. पण मॉडेल पास झालं.

आता ग्राहकाची सही असल्याशिवाय मी एकही फोटो कारखान्यात देत नाही. मॅडमचा फोन आला की काका मात्र हातातलं काम थांबवतात. "ते पश्चिमेकडले वाढले का, विचार तिले." मी विचारतो. अजून तरी त्यांना आवडेल असं उत्तर आलेलं नाही.