मारोतीभाऊंच्या नावाची पाल

वाघाच्या जंगलात पाली शोधणाऱ्यांना किस्से गोळा करावे लागत नाहीत, लोकच आणून देतात! टीम आमची तिघांची: देशकर सर, त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी म्हणजे मी, आणि पाली पकडायला मूल गावाकडचे मारोतीभाऊ. गडचिरोलीच्या खडकांवरची एक पाल नवी जात आहे, असं सरांचं ठाम मत होतं.

* * *

नाक्यावर फॉरेस्ट गार्डनं विचारलं, "वाघ पाहाले चालले का?"

"नाही, पाल."

त्यानं आमची परमिशन दोनदा वाचली. "पालीसाठी नागपूरहून आले? माह्या क्वार्टरमंदी चार हायेत. चला, चहा बी भेटन!"

* * *

पालीच्या पोटावरचे खवले मोजावे लागतात. सरांचे आले अडतीस, माझे एक्केचाळीस. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

शेवटी मारोतीभाऊ वैतागले. "चाळीस लिहा सर, अन् जेवाले चला!"

* * *

मोजलेल्या पालीची शेपटी तुटलेली होती. "शेपटी महत्त्वाची," सरांनी दहादा बजावलं. भाऊ दुपारभर खडकावर पालथे पडून होते. परतले तेव्हा मुठीत नुसती वळवळणारी शेपटी!

"महत्त्वाचं तेवढं आणलं, सर."

* * *

पुढे त्यांनी अख्खी पालही आणली. सर इतके खूश, की शब्दच देऊन बसले: नव्या जातीला मारोतीभाऊंचं नाव! भाऊंनी गावभर सांगितलं. त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, कपाळावर हात मारला.

"माणसाचं नाव पालीले? लोकं झाडू घेऊन मांगं लागतीन!"

पण फोटोसाठी नवा शर्ट त्यांनीच आणला.

* * *

मग एका म्युझियममधल्या जुन्या बरणीतली पाल आम्ही ताडून पाहिली. इंग्रजांच्या काळात एका साहेबानं चांदा जिल्ह्यातून पाठवलेली. गडचिरोली तेव्हा चांद्यातच होतं. खवले, शेपटी, सगळं जुळलं. जात जुनीच! आणि तिला नाव त्या साहेबाचं. आधीचं नाव कायम राहतं, हा आमच्या शास्त्राचा नियम.

थीसिस बुडाल्याचं दुःख होतंच, पण भाऊंना काय सांगायचं, याची मला खरी लाज वाटत होती.

सरांनी भाऊंच्या अंगणात बसून सगळं समजावलं. बरणी, नियम, साहेब. "ती पाल त्यानं पकडली होती ना भाऊ, म्हणून त्याचं नाव."

भाऊंनी मान डोलावली. मग म्हणाले,

"सर, त्या साहेबाले पकडून कोनं देल्ली व्हती?"