तानाबाईचा डोळा, आक्काताईचा हात

तानाबाईनं डोळ्याच्या डॉक्टरला चपलेनं हाणलं, अशी बातमी अठ्ठ्याण्णव साली आमच्या उचगावच्या गल्लीत पसरली. खरं एवढंच, की चप्पल तिनं दवाखान्याच्या पायरीवर काढली होती, आणि हाणलं ते तोंडानं.

तानाबाईला आमवात. बोटं वाकडी झालेली. एक डोळा म्हशीच्या शिंगानं कधीच गेलेला, उरलेल्यात मोतीबिंदू. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, आणि बाईसाहेबांनी आमवाताच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. गोळ्या उष्ण, डोळ्याला बाधतील, हे तिचं शास्त्र. थोड्याच दिवसांत डोळा लालभडक, उजेड सोसेना, समोरचं सगळं धुरकट.

डॉक्टरनी तपासून सांगितलं, की पू नाही, पण आतून सूज आहे. आमवातात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, तसं डोळ्यावरही उलटतं. गोळ्या पुन्हा सुरू करा आणि सुजेचे थेंब जागेपणी तासातासाला घाला, हयगय केलीत तर हाही डोळा जाईल. तुम्हीच बिघडवला की, म्हणून तानाबाई कडाडली ती तिथंच.

आता थेंब घालणार कोण? तिच्या बोटांना बाटली दाबवेना. नवरा केरबाचे हात थरथरते, थेंब गालावर. गल्लीत प्रत्येकीशी तिचं वाजलेलं. राहिली भिंतीपलीकडची जाऊ, आक्काताई. उकिरड्याच्या जागेवरून दोघींचा कित्येक वर्षांचा अबोला. केरबानं जाऊन तिच्यापुढं हात जोडले.

मग काय, आम्हाला दारात उभं राहायला निमित्तच मिळालं. आक्काताई यायची, साबणानं हात धुवायची, खालची पापणी ओढून थेंब टाकायची. तानाबाई आढ्याकडं बघत केरबाला सांगायची, की काहींच्या हाताचा उकिरड्याचा वास साबणानंही जात नाही. आक्काताईही त्यालाच विचारायची, की पुढच्या खेपेला थेंबाऐवजी चटणी आणू का. पण एकही खेप तिनं चुकवली नाही.

सूज उतरली. डॉक्टरनी थेंब कमी करत करत बंद केले. शेवटच्या दिवशी आक्काताई उंबऱ्यात घुटमळली. म्हणाली, "आता तरी बोलशील न्हवं माझ्यासंगं?"

तानाबाईनं तिला खालवर न्याहाळलं.

"डोळा बरा झालाय, राग न्हाय. आदी तुझं त्वांड धुरकट दिसायचं, तवा जरा सोसत हुतं."