बिननावाची चादर

मी आयुष्यात एकच गुप्तदान केलं आणि ते सगळ्या सोलापूरला ठाऊक आहे.

सुरुवात उपदेशापासून झाली. डिसेंबरातल्या एका रविवारी पाळकसाहेबांनी चर्चमध्ये सांगितलं, उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळता कामा नये. मला ते इतकं पटलं, की सात रस्ता चौकापर्यंत मी दोन्ही हात वेगवेगळ्या खिशांत घालून चालत आलो. जेवताना बायकोला, म्हणजे करुणाला, सांगितलं, "मी एक गुप्तदान करणार आहे."

"मग मला कशाला सांगताय?"

"तू काय आणि मी काय, एकच की."

"बरं," ती म्हणाली आणि भाकरी वाढली. (आमच्या घरात 'बरं'चे बरेच अर्थ होतात. हा काही फार चांगला नव्हता.)

दान कोणाला द्यायचं हा प्रश्नच नव्हता. आमच्या चर्चची झाडलोट करणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या राहेलमावशी मूळच्या वैरागच्या. नवरा गेल्यावर इकडे आल्या आणि आता चर्चच्या आवारातल्या खोलीत एकट्या राहतात. त्या वर्षी थंडी चांगलीच पडली होती. पहाटेच्या प्रार्थनेला मावशी घंटा वाजवायच्या आणि शेवटच्या बाकावर येऊन खोकत बसायच्या. अंगावर विरलेलं लुगडं, त्यावर टॉवेल. प्रार्थना लांबली की खोकलाही लांबायचा. मला खरंच वाईट वाटायचं.

अडचण एवढीच, की मावशी कोणाकडून काही घेत नाहीत. करुणानं एकदा स्वेटर दिला, तर दुसऱ्या दिवशी स्वेटर परत आणि वर शेंगाचटणीचा डबा. आणखी कोणी शाल देऊ केली, तर त्याला म्हणाल्या, "माजं हातपाय चालत्यात की अजून." तेव्हा चादर द्यायची, तर कोणी दिली हे कळू न देता. कळलं की ती परत येणार आणि मावशी पुन्हा टॉवेलात खोकणार.

मी ओळखीच्या अण्णांकडे गेलो. अण्णांच्या पुढच्या खोलीत चादरींचं दुकान आणि मागच्या खोलीत यंत्रमाग. ते घरात तेलुगू बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मागाच्या खडखडाटात दोन्ही सारखंच ऐकू येतं. आमच्या गावात भेटीची चादर नावाशिवाय सहसा दुकानाबाहेर पडत नाही. लग्न असो की निवृत्ती, काठावर देणाऱ्याचं नाव मशीनवर दोऱ्यानं भरून घ्यायचंच.

अण्णांनी चिठ्ठी पुढे ओढली. "काय टाकायचं, मास्तर?"

"काही नाही. गुप्तदान आहे."

"गुप्तदान," अण्णांनी लिहिलं. "अन नाव?"

"नावच नको. श्री. शांतवन दावीद गायकवाड, असं कुठंही दिसता कामा नये."

"दाविद?"

"दावीद. वी दीर्घ."

अण्णांनी वी दीर्घ केला. (मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे. पण नको असलेल्या नावाचं शुद्धलेखन मी का तपासत होतो, ते मला आजही सांगता येत नाही.)

चादर तयार होऊन आली ती प्लॅस्टिकमध्ये बंद. उघडून बघणं मला नम्रतेला धरून वाटलं नाही. तशीच नेऊन पाळकसाहेबांच्या हातात दिली आणि बजावलं, "चर्चच्या मंडळीकडून म्हणून द्या. माझं नाव नको." त्यांचे डोळे पाणावले. म्हणाले, "नाताळाआधीच्या रविवारी मावशींचा सत्कारच करू." मीही माझे डोळे थोडे पाणावून घेतले.

त्या रविवारी मी जरा लवकर गेलो आणि तिसऱ्या बाकावर कडेची जागा धरली. तिथं मान खाली घालून बसलेला माणूस चारी बाजूंनी दिसतो. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मावशींना पुढे बोलावलं. "ही मंडळीची भेट आहे," ते म्हणाले. "ज्या बंधूनं ती आणली, त्याला नाव नको आहे." लोक इकडेतिकडे बघू लागले. मी मान आणखी खाली घातली. इतकी, की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "चक्कर येतीय का?"

मंडळीची भेट म्हटल्यावर मावशी नाही म्हणाल्या नाहीत. पाळकसाहेबांनी चादर उलगडून त्यांच्या खांद्यावर घातली. मावशींनी ती अंगाभोवती ओढून घेतली, गालाला लावली आणि हसल्या. इथं हे सगळं थांबलं असतं तर मी आज चांगला माणूस असतो.

पण ओढताना काठ त्यांच्या हातात आला. मावशींना साठीनंतर वाचायला मीच शिकवलं. तेव्हापासून समोर येईल ते त्या बोट ठेवून मोठ्यानं वाचतात. साबणाचा कागद वाचतात, एसटीची पाटी वाचतात.

"गु...प्त...दा...न," मावशींनी वाचलं.

पाळकसाहेब कौतुकानं हसले.

"श्री... शां...त...व...न..."

पाळकसाहेबांनी हसू आवरलं.

"दा...वी...द," मावशींनी वी चांगला लांबवला. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत असं स्वच्छ वाचन कोणाचं नाही. 'गायकवाड' तर त्यांनी न अडखळता म्हटलं.

"बरं," शेजारून करुणा म्हणाली.

मावशींनी चादर उतरवली, नीट घडी केली आणि माझ्यापुढे आणून ठेवली. "तुमची हाय जनू, मास्तर," एवढं म्हणाल्या आणि टॉवेल सारखा करत निघून गेल्या. त्यांचा खोकला दारापर्यंत ऐकू आला.

मी तडक अण्णांकडे गेलो. म्हटलं, "मी नाव नको म्हणालो होतो ना?"

"मास्तर, नको असलेलं नाव कोण इतकं नीट सांगतं?" अण्णा शांतपणे म्हणाले. "मला वाटलं, लाजतायत."

नाव उसवायला गेलं तर चादरच फाटेल, असंही त्यांनी सांगितलं. तेव्हा संध्याकाळी चादर घेऊन मी आणि करुणा मावशींच्या खोलीवर गेलो.

"तुमचं नाव पांगरून मी कशी निजू?" मावशी म्हणाल्या. "कूस बदलली की तुमी नाकापाशी."

मी पाठ करून आणलेलं सगळं विसरलो. "मावशी, चूक माझी आहे. मला मोठेपणा हवा होता. पण तुमचा खोकला खरा आहे. पहाटे तो ऐकू आला की माझी प्रार्थना पुढं सरकत नाही. म्हणून आणली होती."

मावशींनी चादर ओढून मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "मंग हे आदी सांगायचं की."

त्यांनी ट्रंकेतून जुन्या निळ्या लुगड्याचा तुकडा काढला आणि करुणाकडून सुई ओवून घेतली. तिथंच बसून, 'गु'पासून 'ड'पर्यंत, त्यांनी माझ्यावर ठिगळ लावलं. दातानं दोरा तोडला आणि चादर अंगावर घेतली.

"आता झालं गुप्त," मावशी म्हणाल्या. निघताना शेंगाचटणीचा डबा करुणाच्या हातात दिला. "ह्येच्यावर नाव टाकल्यालं न्हाय बरं का."

आता पहाटेच्या प्रार्थनेला मावशी ती चादर पांघरून येतात. खोकला पुष्कळ कमी आहे. मी मुद्दाम त्यांच्या शेजारच्या बाकावर बसतो आणि डोळे मिटण्याआधी एकदा, अगदी ओझरतं, बघून घेतो की ठिगळाचा एखादा टाका उसवलाय का.

अजून तरी नाही. मावशींची शिवण फार पक्की आहे.