चावलेल्या कोपऱ्याची चिठ्ठी

जनेल प्रूइट सहा वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपल्या मुलांची शाळा घरीच चालवत होती. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या त्या डोंगराळ भागात तिच्या चर्चमधल्या निम्म्या बायका तेच करत, त्यामुळे त्यात नवलाचं काही नव्हतं. जून संपेपर्यंत वर्षाचे हजार तास भरायचे आणि रोजची नोंद वहीत ठेवायची. मक्याचा पाव भाजला की गणित. कोंबडी आजारी पडली की विज्ञान. जनेलची वही नेहमी नेटकी असे. फक्त फेब्रुवारीतली नऊ पानं कोरी होती.

त्या फेब्रुवारीत लिडिया जन्मली, पण रडली नाही. चर्चमागच्या गोठलेल्या जमिनीत जनेलचा नवरा वेन्डल आणि अकरा वर्षांचा अमोस यांनी कुदळीने खड्डा खणला. घरी परतताना गाडीच्या मागच्या सीटवरून सात वर्षांच्या टॅबिथाने विचारलं, "आई, दादाने खड्डा खणला ना, ते व्यायामात लिहायचं की विज्ञानात?"

जनेल त्यानंतर नऊ दिवस खोलीचं दार लावून पडून होती.

दहाव्या दिवशी ती उठली, टेबलाशी बसली आणि शाळा सुरू केली. पण दोन गोष्टी काही केल्या जागेवर येईनात. एक टॅबिथाचं वाचन. पोरगी पुस्तकातल्या चित्राकडे बघून गोष्ट रचून सांगायची, पण अक्षरांवर बोट ठेवलं की गप्प. सासूबाई, म्हणजे ओपल आजी, शेजारच्याच घरात राहायच्या आणि रोज नाश्त्याला यायच्या. त्यांनी सरळच सांगितलं, "सात वर्षांची घोडी झाली. देवाचं वचन कधी वाचणार, लग्नात?" शेवटी वेन्डलने ठरवलं. जूनअखेर टॅबिथा वाचायला लागली तर ठीक, नाहीतर ऑगस्टपासून गावातल्या शाळेची बस. जनेलने मान डोलावली. एक मूल मातीत गेलं, दुसरं बसने जाणार. टेबलाशी उरणार होता एकटा अमोस.

दुसरी गोष्ट बरणीची. काकडीच्या लोणच्याची जुनी काचेची बरणी, तिच्यात घरातल्या सगळ्या प्रार्थना चिठ्ठ्यांवर लिहून टाकलेल्या. नाश्त्याआधी प्रत्येकाने एक काढायची, मोठ्याने वाचायची, सगळ्यांनी आमेन म्हणायचं आणि सगळ्यांचं वाचून झालं की चिठ्ठ्या परत आत. प्रार्थनेला उत्तर मिळालं तरच ती बाहेर निघून घरच्या बायबलात जायची. हा नियम जनेलनेच केला होता. लिडियासाठी जनेलने बाळंतपणाआधी लिहिलेली चिठ्ठी अजून आतच होती. तिला उत्तर मिळालं म्हणावं की नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. फेब्रुवारीपासून बरणी पुढे आली की जनेल म्हणायची, "माझा घसा बसलाय," आणि ती तशीच पुढे सरकवायची. रोज वाटायचं, आज कुणाच्या तरी हाती लिडियाची चिठ्ठी येणार. चार महिने आली नाही.

टॅबिथाच्या चिठ्ठीने मात्र टेबल जरा हलकं व्हायचं. ती सगळ्यांच्या आधी बरणीत हात घालायची, बराच वेळ चाचपायची, चिठ्ठी नाकाशी धरायची आणि तोंडाला येईल ते वाचल्यासारखं करायची.

"देवा, आमची बकरी माझ्याकडे चोरासारखी बघते, ते बंद कर."

"देवा, नोहाच्या बोटीतलं शेण कोण काढायचं, तेवढं कळव."

वेन्डल ओठ दाबून आमेन म्हणायचा. पोरीला वाचता येत नाही, तर काय करणार बिचारी.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिने वाचलं, "देवा, आजीची कवळी रविवारी गाण्याच्या मध्येच सुटते, तिला घट्ट धरून ठेव."

ओपल आजीने चमचा आपटला. "देवाची थट्टा चाललीय इथे! जनेल, हीच का तुझी शाळा?"

जनेलने पोरीला दंडाला धरून मागच्या पायरीवर नेलं. "दे ती चिठ्ठी."

"परत टाकते ना मी."

"मूठ उघड, टॅबी."

मूठ उघडली. घामाने मऊ झालेली घडी. एक कोपरा दातांनी चावून चावून चोथा झालेला. जनेलने ती उलगडली आणि तिला आपलं स्वतःचं अक्षर दिसलं.

ती पायरीवर बसली. "रोज हीच काढतेस?"

"कोपरा चावून ठेवलाय. बोटाला लगेच कळतो."

"काय लिहिलंय माहीत आहे तुला?"

टॅबिथा चपलेने मुंग्यांची रांग मोडत राहिली. "दादाला काही कळत नाही. तो समोर येईल ते धडाधड वाचून टाकतो. मग तू परत दार लावून घेतलं असतंस."

"म्हणजे तुला वाचता येतं."

"येतं म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, चिठ्ठी नीट वाच."

"आणि बस? शाळेत पाठवलं असतं ना गं तुला."

"बसला खिडकी असते," टॅबिथा म्हणाली. पण आईच्या झग्याची कड तिने मुठीत धरली होती.

दोघी आत आल्या. ओट्सची लापशी गार झाली होती, कुणी चमचा उचलला नव्हता. जनेल उभीच राहिली, चिठ्ठी दोन्ही हातांत धरून. चार महिन्यांनी तिने त्या टेबलाशी प्रार्थना वाचायला घेतली.

"देवा, आमच्या..."

पुढचं तिला दिसेना. ओपल आजीने तोंडावर हात ठेवला, त्यांना कळलं होतं. अमोस ताटलीत बघत होता. वेन्डल उठायला लागला, तोच टॅबिथा आईच्या कोपराखालून पुढे झाली आणि एकेका शब्दावर बोट ठेवत, न अडखळता वाचू लागली.

"देवा, आमच्या लिडियाला सुखरूप घरी आण."

आमेन कुणी म्हटलं नाही. ओपल आजी नातीकडे बघत राहिल्या. दुसरं काय करावं न सुचून टॅबिथाने बरणी आईपुढे धरली.

"नको," जनेल म्हणाली. "उत्तर मिळालंय हिला. लिडिया घरीच आहे, देवाच्या."

तिने कपाटावरचं बायबल काढलं. पहिल्या पानावर घरातले सगळे जन्म-मृत्यू लिहिलेले होते आणि शेवटच्या ओळीत लिडियाच्या नावापुढे दोन्हींची मिळून एकच तारीख होती. चिठ्ठी तिथे ठेवून ती बोटाने बराच वेळ सारखी करत राहिली. चावलेला कोपरा काही सपाट होईना.

"बकरीची चिठ्ठी बरणीत कधी नव्हतीच," टॅबिथा हळूच म्हणाली. "ती टाकू का आता? बकरी अजून बघते."

"टाक," जनेल म्हणाली. "आणि स्वतः लिही."

अमोसने पेन्सिल पुढे सरकवली. टॅबिथा जीभ बाहेर काढून लिहायला बसली. जनेल खोलीत गेली. दार तिने उघडंच ठेवलं, म्हणून तिचं रडणं सगळ्यांना ऐकू येत होतं. टॅबिथा मध्येच थांबली, दाराकडे बघून तिने आई तिथेच असल्याची खात्री करून घेतली आणि पुढचं अक्षर काढलं.